खोतांच्या घरचा आवाज

सटवाप्पा शिंगे हे शाहूवाडीकडच्या एका वाडीत गावकीची दवंडी देत. त्यांचा मुलगा ज्ञानू. त्याने छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली, गावकीचे काम सोडले आणि कोल्हापुरात येऊन उद्यमनगरच्या फाउंड्रीत भट्टीपुढे उभा राहिला. ज्ञानूचा मुलगा जोतीराम रेडिओ दुरुस्तीचा कोर्स करून मंगळवार पेठेत दुकान घालून बसला. या तिघांच्या पाठी आला तो प्रसेनजीत, आणि ही हकीकत त्याची आहे.

वडिलांच्याच दुकानात प्रसेनजीत कॉम्प्युटर जोडून देत असे. दोन हजार पाच सालच्या दिवाळीआधी अतुल खोत नावाचा तरुण त्याच्याकडे आला. पुण्यात नोकरीला होता, घर पेठेतच, चार गल्ल्या पलीकडे.

"मला टीव्हीखाली बसणारा कॉम्प्युटर पाहिजे," अतुल म्हणाला. "सिनेमे, गाणी, सगळं एकाच डब्यात. डबा आडवा पाहिजे, उभा नको. आणि रिमोटवर चालला पाहिजे. सोफ्यावरनं कोण उठणार न्हाय आमच्यात."

"आवाजाचं काय?"

"दणदणीत पाहिजे की."

"तो न्हवं. पंख्याचा आवाज. डब्यातला पंखा घरघरला, तर सिनेमातलं हळू बोलणं ऐकू येत न्हाय. मोठा पंखा घालूया, सावकाश फिरणारा. थोडा महाग पडतोय."

"घाल. आमच्या आज्जीला आधीच कमी ऐकू येतंय, त्यात आणि घरघर नको."

प्रसेनजीतने वहीत नाव लिहिले आणि संध्याकाळी सुटे भाग मागवायची यादी वडिलांना वाचून दाखवली. मदरबोर्ड, टीव्हीला जोडायचे कार्ड, हार्ड डिस्क, पाच बारके स्पीकर आणि एक मोठा. जोतीराम डोळे मिटून ऐकत होते. यादी संपल्यावर त्यांनी विचारले, "गिऱ्हाईक कोण?"

"अतुल खोत. त्या बाळासो शाहिरांचा नातू."

जोतीरामांनी डोळे उघडले. हातातला स्क्रूड्रायव्हर त्यांनी टेबलावर ठेवला, आणि तो गडगडत खाली गेला तरी उचलला नाही.

"आबा, काय झालं?"

"दार ओढून घे," ते म्हणाले. अकरा वर्षे जी गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती, ती त्या संध्याकाळी मुलाला सांगितली.

त्या काळी दुकानावर पाटी असे, 'कॅसेट भरून मिळेल'. लोक आवडीच्या गाण्यांची यादी घेऊन येत आणि जोतीराम दोन डेकच्या यंत्रावर ती गाणी भरून देत. कोरी कॅसेट परवडत नसे, म्हणून निम्मी गिऱ्हाइके घरातली जुनी कॅसेटच आणून देत आणि तिच्यावरच नवी गाणी भरून नेत. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकची एक बारकी पाकळी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. विकतच्या कॅसेटची पाकळी मोडलेलीच येते. त्यावर उपाय सोपा होता. खाचेवर चिकटपट्टी लावायची. जोतीराम सकाळी दुकान उघडले की आलेल्या सगळ्या कॅसेटच्या खाचा एका बैठकीत पट्टीने बुजवून टाकत. हाताला तशी सवयच लागली होती.

चौऱ्याण्णवच्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या आदल्या आठवड्यात, धोंडुबाई खोत स्वतः दुकानात आल्या. पेठेत त्यांना सगळे आक्का म्हणत. त्यांचे यजमान बाळासो भेदिक शाहिरीतले नाणावलेले नाव. एका फडाने पुराणातला कोडेवजा सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने गाऊन त्याचा जवाब द्यायचा, अशी ती शाहिरी. बाळासोंना यंत्रापुढे गायला आवडत नसे. उभ्या आयुष्यात त्यांचा आवाज एकदाच भरला गेला, शेवटच्या फडाच्या दिवशी, थोरल्या मुलाच्या टेपरेकॉर्डरवर. पुढच्याच वर्षी ते वारले. ती कॅसेट घेऊन आक्का आल्या होत्या. तिची एक प्रत काढून पाहिजे होती, एवढेच. बाळासोंनी पाकळी स्वतःच्या हाताने मोडून ठेवली होती.

"आणि मी तिला पट्टी लावली," जोतीराम म्हणाले. "दुकानात जयंतीच्या गाण्यांच्या चाळीस कॅसेट भरायच्या होत्या. सगळ्यांबरोबर तिलाबी लावली. आणि सगळ्यांबरोबर तीबी भरली. दोन्ही बाजू."

प्रसेनजीतने खाली पडलेला स्क्रूड्रायव्हर उचलून टेबलावर ठेवला.

"आक्का न्यायला आल्या. मी तिथंच लावून दाखवली. पैलं गाणं सुरू झालं आणि मला कळलं. त्यांनी पुरं गाणं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'दुसरी बाजू?' मी मान हलवली. तवा त्यांची पोरं तालमीत होती. थोरला उदयसिंह तर असा, की नुसतं कळायचा अवकाश, दुकानाचा चुरा केला असता. आणि ती नुसती कॅसेटची भांडणं राहिली नसती. आपण कोण, ते कोण, गाणी कसली भरली, हे सगळं निघालं असतं. अर्धी पेठ एका बाजूला, अर्धी दुसऱ्या. आक्कांस्नी हे सगळं माझ्याआधी उमगलं. त्या म्हणाल्या, 'हे घरात कुणाला सांगणार न्हाय मी. पर हे देणं तुझ्यावर ऱ्हाईल, जोतीराम.' आणि कॅसेट पिशवीत घालून गेल्या."

"मग तुम्ही?"

"यात्रेला टेप घिऊन हिंडणारे असत्यात, त्यांच्याकडं दोन वर्षं हुडकलं. कुणाकडं न्हाय. भरायचं काम तवाच बंद केलं. दुकानातल्या प्रत्येक डेकची भरायची वायर तोडली. तुला वाटायचं डेक बिघडलेत. बिघडलेले न्हाईत."

"आक्कांना पुन्हा भेटला न्हाईत?"

"कुठल्या तोंडानं भेटू?"

दुसऱ्या दिवशी टीव्हीखालची जागा मोजायच्या निमित्ताने प्रसेनजीत खोतांच्या घरी गेला. अतुल बाहेर गेला होता. पुढच्या सोप्यात आक्का एकट्या बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या घरातली बाई, नऊवारी, ताठ पाठ, कपाळ मोकळे. त्यांनी त्याला मोजपट्टी ताणू दिली, आकडे लिहू दिले, आणि मग विचारले, "जोतीरामाचा न्हवं तू?"

"व्हय, आक्का." तो उठून उभा राहिला. "आबांनी काल मला सगळं सांगितलं. त्यांच्या वतीनं मी माफी…"

"इकडनं बोल, डाव्या कानाला. उजवा गेलाय." त्याने बाजू बदलून पुन्हा सुरुवात केली, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "माफी मागायला आलायस का मोजायला?"

"दोन्हीला."

"मग मोजणं पुरं कर. देणं बापाचं हाय. ल्योकानं माफी मागून ते फिटत न्हाय."

त्याने मोजपट्टी पुन्हा ताणली. आक्का आपण होऊन बोलल्या. "डाग्दर म्हणतोय, डावाबी वरीसभरात जाईल. मशीन लावून देतो म्हणाला. मशीनमधनं माणूस माणसासारखं ऐकू येत न्हाय, भांड्यासारखं ऐकू येतंय." त्यांनी लुगड्याचा पदर सारखा केला. "तुझ्या बापानं भरलेली गाणी मला पाठ झाल्यात. सगळी. दरसाल बाळासोंच्या तिथीला कॅसेट लावायची, दार बंद करून. वाटायचं, गाण्याच्या मधल्या जागंत कुठंतरी ते निघतील. निघाले न्हाईत."

प्रसेनजीतने धीर करून विचारले, "आक्का, त्या दिवशी फडात आणि कुणी भरून घेतलं असेल का?"

"घेतलं की. आण्णा चौगुल्यानं."

"कोण?"

"समोरचा शाहीर. मलकापूरच्या पलीकडचा. दावेदार गातोय ते भरून न्यायचं, घरी बसून त्यातली फट शोधायची आणि पुढच्या यात्रेत तीच फट धरून सवाल टाकायचा, ही त्याची रीत. त्या दिवशी त्याचा चेला मंचाखाली टेप घिऊन बसलेला मी डोळ्यांनी बघितलाय."

"मग तुम्ही आबांना कधी…"

"तुझा बाप आला कवा?" आक्कांचा आवाज पहिल्यांदा चढला. "आला असता तर सांगितलं असतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आणि मी जाऊ चौगुल्याच्या दारात? फडात त्यानं ह्यांचा जवाब मानला न्हाय. मयताला आला न्हाय. बाळासो खोताची बायको त्याच्याकडं हात पसरणार न्हाय."

प्रसेनजीत घरी आला आणि जे ऐकले ते जसेच्या तसे वडिलांना सांगितले. ज्या गोष्टीसाठी दोन वर्षे हिंडले, ती एका प्रश्नाच्या अंतरावर होती, आणि तो प्रश्न विचारायचे धैर्य झाले नाही, हे जोतीरामांना उमगले. मग म्हणाले, "सकाळची शाहूवाडी गाडी कितीला सुटती?"

आण्णा चौगुले मलकापुरापासून तीन कोसांवर, भाताच्या खाचरांमधल्या घरात राहत. वय ऐंशी. गळा बसला होता, पण फेटा शाबूत होता.

"या पावणं. कुठलं?"

"कोल्हापूरचं," जोतीराम म्हणाले. "तसं हिकडलंच. सटवाप्पा शिंग्याचा नातू."

"दवंडीवाल्या सटवाप्पाचा? आरं, लई मोठा गळा म्हाताऱ्याचा! माझा बा म्हणायचा, सटवाप्पानं वाडीत हाळी दिली की मलकापूरच्या बाजारातलं वाणी दुकानं झाकायचं. बसा की. उभं का? घोंगड्यावर बसा."

जोतीराम घोंगड्याच्या कडेला बसले. आण्णांनी त्यांचा हात धरून त्यांना मधोमध ओढून घेतले आणि मग विचारले, "काय काम काढलंत?"

जोतीरामांनी काही राखून न ठेवता सांगितले. पट्टी, जयंतीची गाणी, आक्कांचे मौन, आणि त्यांचा जाऊ लागलेला कान. आण्णा ऐकता ऐकता ताठ झाले.

"म्हंजे बाळासोचा आवाज माझ्याकडं हाय म्हणून आलाय तुम्ही. धोंडुबाईनं धाडलं?"

"न्हाय. त्या म्हणाल्या, मी हात पसरणार न्हाय."

"न्हाईच पसरणार! तोबी असलाच होता." आण्णा हसले, पण हसू फार टिकले नाही. "काय सवाल होता म्हायताय? कर्णाच्या रथाचं चाक धरणीनं का गिळलं? मला वाटलं, हा शाप-बिप सांगंल आणि मी त्याला आडवा पाडीन. त्यानं काय गायलं? एका पोरीचं तूप मातीत सांडलं. पोर रडाय लागली. कर्णाला दया आली, त्यानं ती माती मुठीत धरून पिळली आणि तूप परत काढून दिलं. पिळताना धरणी कळवळली. ती कळ तिनं ध्यानात ठिवली. दान करताना दुसऱ्या कुणाला पिळलं, ह्याचं ते चाक." त्यांनी घसा खाकरला. "पंधरा वर्सं मी ती कॅसेट ऐकतोय. फट हुडकतोय. फट न्हाईच. जवाब बरोबर होता. फडात चार हजार माणूस होतं, आणि मी म्हणालो, चुकला. मग मयताला कसा जाऊ?"

आतून त्यांनी पत्र्याचा डबा आणवला. कॅसेट निघाली, पण ऐकून ऐकून ती झिजली होती, तिच्या खोक्याला तडा गेला होता आणि फीत एका जागी चिकटली होती.

"न्या. फकस्त एक अट हाय. माझा सवाल कापायचा न्हाय. सवालावाचून जवाब ऐकला तर तो नुसतं गाणं हुतोय. आणि शेवटाला मी 'चुकला' म्हणालोय, तेबी कापायचं न्हाय. तिला ऐकू द्या."

परतीच्या गाडीत जोतीरामांनी ती कॅसेट दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली होती. मलकापूरची, रत्नागिरीची माणसे चढली उतरली, पण त्यांनी ओंजळ सोडली नाही.

आता प्रश्न ती फीत उतरवून घेण्याचा होता. अतुलचा डबा जोडून तयार होता. पंखा इतका शांत, की दिवा पाहिल्याशिवाय तो चालू आहे हे कळत नसे. पण फीत तपासताना जोतीराम म्हणाले, "हिचा मसाला सुटाय लागलाय. बोटाला तपकिरी पूड येतीया. ही एकदाच वाजंल. दुसऱ्यांदा वाजंल का न्हाय, सांगता येत न्हाय."

"म्हणजे एकाच फेरीत कॉम्प्युटरवर घ्यायची."

"आणि मधी लाइट गेली तर?"

त्या साली दिवसाला सहा सहा तास भारनियमन होते, आणि बॅटरी जेमतेम पंधरा मिनिटे धरत असे. बापलेकांनी वेळापत्रक पाहून मंगळवारची सकाळ निवडली. फुटक्या खोक्याचे स्क्रू काढून जोतीरामांनी फीत नव्या खोक्यात चढवली. चिकटलेली जागा त्यांनी तोंडाच्या वाफेने सोडवली. ती तुटली नाही.

प्रसेनजीतने डेकची तार डब्याला जोडली. जोतीराम म्हणाले, "कुठलं यंत्र वाजवणार आणि कुठलं भरणार, मला हात लावून दाखव." त्याने दाखवले. "आणि एकदा." त्याने पुन्हा दाखवले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हाही तो चिडला नाही.

फीत फिरू लागली. पडद्यावर हिरवी रेघ उंच-सखल होऊ लागली. त्रेचाळीस मिनिटे दोघे श्वास धरल्यासारखे उभे होते. बाळासोंचा आवाज आला तेव्हा जोतीरामांनी भिंतीला पाठ टेकली. फीत संपली, तिच्या मागे तपकिरी पूड सांडली होती, आणि आवाज डब्यात उतरला होता. खरखर साफ करायची सोय कॉम्प्युटरमध्ये होती. प्रसेनजीतने ती थोडी वापरून पाहिली, शाहिरांचा गळा चकचकीत आणि परका वाटू लागला, म्हणून त्याने ती काढून टाकली.

धनत्रयोदशीच्या सकाळी डबा खोतांच्या सोप्यात बसला. उदयसिंह, म्हणजे आक्कांचा थोरला मुलगा, खुर्चीत ऐसपैस बसला होता. अतुल रिमोट हातात घेऊन सिनेमाची वाट पाहत होता. जोतीराम मुलाबरोबर आले होते, पण उंबऱ्याबाहेर उभे होते.

"पैला सिनेमा लाव की, मारामारीचा," उदयसिंह म्हणाला. "स्पीकर फुटूस्तोवर."

"पैलं आक्कांचं," प्रसेनजीत म्हणाला. एक स्पीकर त्याने आधीच आक्कांच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर मांडला होता.

आधी डफ वाजला. मग आण्णा चौगुल्यांचा आवाज घरात शिरला, तरणा, खवचट, सवाल टाकणारा. आक्कांचे ओठ घट्ट मिटले. "हा कशाला?" त्या म्हणाल्या.

"त्यांनीच दिलंय, आक्का. सवाल कापू नका म्हणाले."

आक्कांनी डावा कान स्पीकरकडे केला. सवाल संपला, तुणतुणे लागले, आणि बाळासोंनी जवाब उचलला. उदयसिंह खुर्चीत पुढे सरकला. अतुलने आजोबांचा आवाज लहानपणानंतर प्रथमच ऐकला. त्याच्या हातातला रिमोट तसाच राहिला. आक्का मात्र हलल्या नाहीत. पिळलेल्या मातीच्या कडव्याला त्यांनी मांडीवर बोटाने ठेका धरला, तेवढाच. शेवटी आण्णांचा आवाज 'चुकला!' म्हणून गरजला, माणसे ओरडली, आणि घर शांत झाले.

"आण्णा म्हणाले," उंबऱ्याबाहेरून जोतीराम बोलले, "'बाळासोचा जवाब बरोबर होता. मी खोटं बोललो. हे धोंडुबाईला माझ्या तोंडचं म्हणून सांगा.'"

आक्कांनी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांना पाणी नव्हते. 

"वडलांची कॅसेट होती की आपल्याकडं," उदयसिंह म्हणाला. "ती कुठं गेली, आक्का? तू म्हणालीस हरवली."

आक्कांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. काय उत्तर देणार, हे प्रसेनजीतला त्यांच्या चेहऱ्यावर वाचता आले. अकरा वर्षे देत आल्या, तेच उत्तर त्या पुन्हा देणार होत्या.

"हरवली न्हाय," जोतीराम म्हणाले. ते उंबरा ओलांडून आत आले आणि उदयसिंहासमोर उभे राहिले. "मी पुसली. माझ्या दुकानात, माझ्या हातानं. पाकळी मोडलेली होती, तरी पट्टी लावून मी तिच्यावर जयंतीची गाणी भरली. चूक माझी, निव्वळ माझी. आक्कांनी ती तुमच्यापासून लपवली, मला राखायला. आज मी तुमच्या घरात, तुमच्या तोंडावर सांगतोय."

उदयसिंह उठला. पन्नाशीचा, तालमीत कमावलेला देह. खुर्ची मागे सरकून भिंतीला आपटली. प्रसेनजीत नकळत वडिलांच्या पुढे सरसावला, पण जोतीरामांनी त्याला हाताने बाजूला केले.

"खाली बस, उदयसिंह," आक्का म्हणाल्या.

"आक्का, ह्यानं वडलांचा…"

"बस म्हणते न्हवं? आवाज दिला त्यानं परत. तो तर मी धरूनच चालले हुते, कवा ना कवा देईल. पर हे तोंडावर सांगणं मी मागितलं नव्हतं. चौगुल्याला पंधरा वर्सांत चार हजारांपुढं जे जमलं न्हाय, ते ह्यानं तुझ्यापुढं केलं."

उदयसिंह उभाच होता. मग त्याने खुर्ची ओढली, ती जोतीरामांच्या मागे ठेवली आणि स्वतः खाली जाजमावर बसला.

आक्का जोतीरामांकडे वळल्या. सगळ्या घराला ऐकू जावे, अशा बेताने म्हणाल्या, "जोतीराम शिंगे, तुझ्याकडं माझं काही ऱ्हायलं न्हाय. सगळं पोचलं."